तुमचा तास कितीला विकला जातो: आयटी नोकरीमागचं गणित

हिंजवडीत, खराडीत, मगरपट्ट्यात नव्यानं नोकरीला लागलेल्या मुलामुलींशी बोलायला बसलं की ठरावीक प्रश्न येतात. ट्रेनिंग जावाचं दिलं आणि टाकलं जुन्या मेनफ्रेमच्या सपोर्टला, असं का? मॅनेजर वर्षभर पाठ थोपटत होते, मग रेटिंग मधलंच कसं आलं? नोटीस पिरियड तीन महिन्यांचा कशाला? काम नसताना पगार चालू आहे, तरी बेंचवरच्या माणसाचा जीव टांगणीला का लागलेला असतो? प्रश्न चार दिशांचे वाटतात, पण चारही एकाच ठिकाणी जाऊन पोचतात: कंपनीला पैसे नेमके कशाचे मिळतात. हे कॉलेजात शिकवत नाहीत, प्लेसमेंटच्या वेळी कोणी सांगत नाही, आणि नोकरीत तुकड्यातुकड्यांनी कळतं तोवर पहिली तीन-चार वर्षं निघून गेलेली असतात. ती वर्षं फार मोलाची असतात, म्हणून हे सगळं एकत्र मांडतो आहे.

कंपनी काय विकते

'आयटी कंपनी' म्हणताना आपण तीन निराळे धंदे एकाच नावात घालतो. काही कंपन्या स्वतःचं सॉफ्टवेअर बनवून विकतात. त्या प्रॉडक्ट कंपन्या. काही कंपन्या परदेशी बँका, विमा कंपन्या, विमान कंपन्या यांच्यासाठी काम करून देतात. त्या सर्व्हिसेस कंपन्या. टीसीएस, इन्फोसिस, विप्रो, कॉग्निझंट ही त्यातली मोठी नावं. तिसरा प्रकार म्हणजे त्या परदेशी कंपन्यांनी इथे उघडलेली स्वतःची केंद्रं, ज्यांना जीसीसी म्हणतात. आयटी उद्योगाची संघटना नॅसकॉम आणि सल्लागार कंपनी झिनोव्ह यांच्या अहवालानुसार २०२३-२४ या आर्थिक वर्षात भारतात अशी १,७०० हून जास्त केंद्रं होती आणि त्यांत सुमारे १९ लाख माणसं काम करत होती.

महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून घाऊक भरती होते ती प्रामुख्यानं सर्व्हिसेस कंपन्यांत, म्हणून इथे त्यांच्याविषयीच बोलू. त्यांच्याकडे विकायला माल नसतो. त्या तुमचा वेळ विकतात. कंपनीच्या भाषेत तुम्ही 'बिलेबल' असता, म्हणजे तुमच्या तासांचं बिल क्लायंटला जातं, किंवा 'नॉन-बिलेबल' असता, म्हणजे तुमचा खर्च कंपनीच्या अंगावर पडतो. तुमच्या नोकरीतली सगळ्यात महत्त्वाची नोंद हीच. आयडी कार्डावर ती दिसत नाही, पण वरच्या प्रत्येक मीटिंगमध्ये दिसते.

एक कल्पित हिशेब करू. समजा, भारतात बसून काम करणाऱ्या दोन-तीन वर्षं अनुभवाच्या इंजिनिअरचा दर तासाला २५ डॉलर ठरला. महिन्याचे १६० तास धरले तर बिल झालं ४,००० डॉलरचं. डॉलर ८५ रुपयांनी धरला तर ३ लाख ४० हजार रुपये. त्याचा पगार वर्षाला ६ लाख, म्हणजे महिन्याला ५० हजार. हा फरक पहिल्यांदा कळतो तेव्हा अनेकांचा संताप होतो आणि तो मला समजतो. पण मधले पैसे सगळे नफ्यात जात नाहीत. त्यातून ऑफिस, बसेस, लॅपटॉप, लायसन्स, काम मिळवून आणणारी सेल्सची माणसं, ज्यांचं बिल लागत नाही असे मॅनेजर, ट्रेनिंगमधली आणि बेंचवरची मुलं या सगळ्यांचा खर्च निघतो. २०२४-२५ मध्ये टीसीएसचा ऑपरेटिंग नफा उत्पन्नाच्या सुमारे २४ टक्के होता, इन्फोसिसचा सुमारे २१ टक्के. नफा चांगलाच आहे, पण शंभरातले नव्वद कोणी खिशात घालतं असं नाही.

बिल लावायच्या दोन मुख्य पद्धती आहेत, आणि रिक्षाचं उदाहरण इथे चपखल बसतं. मीटरवर घेतलेल्या रिक्षात उशीर झाला तर पैसे प्रवाशाचे जातात. ठरवून घेतलेल्या रिक्षात उशीर झाला तर तोटा रिक्षावाल्याचा. तासांवर चालणारं काम म्हणजे 'टाइम अँड मटेरियल', आणि ठरलेल्या रकमेचं काम म्हणजे 'फिक्स्ड प्राइस'. तुमचा प्रोजेक्ट कोणत्या प्रकारचा आहे हे पहिल्या आठवड्यात टीम लीडला विचारून घ्या. तुमच्या रात्री कशा जाणार हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं. त्याबद्दल पुढे सांगतो.

बेंच

एक प्रोजेक्ट संपला आणि दुसरा मिळालेला नाही, या मधल्या काळाला बेंच म्हणतात. कंपन्या बेंच मुद्दाम ठेवत आल्या, कारण क्लायंटनं उद्या २० माणसं मागितली तर ती हाताशी असावी लागतात. भरभराटीच्या वर्षांत बेंच म्हणजे चार कोर्स करायचा निवांत काळ असे. आता तसं राहिलेलं नाही. जून २०२५ मध्ये टीसीएसनं नियम केला की प्रत्येकानं वर्षात किमान २२५ दिवस बिलेबल असलं पाहिजे आणि बेंचचा काळ ३५ कामकाजी दिवसांच्या वर जाऊ नये. पुढच्याच महिन्यात कंपनीनं सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं. तेव्हा सहा लाखांहून जास्त माणसं असलेल्या कंपनीत हा आकडा लहान वाटेल, पण आयटीतली नोकरी म्हणजे जवळजवळ सरकारी, असं मानणाऱ्या असंख्य घरांत त्या बातमीनं धस्स झालं.

बेंचवर गेलात की तुमचा ताबा आरएमजीकडे जातो. कोणत्या प्रोजेक्टला कोणतं स्किल हवंय आणि कोण मोकळं आहे, याची जुळवाजुळव करणारा हा विभाग. तिथल्या माणसासमोर शेकडो नावांची यादी असते आणि प्रत्येक नावापुढे स्किलचे दोन-तीन शब्द. तुमचं प्रोफाइल वर्षापूर्वीचं असेल, त्यात 'जावा, एसक्यूएल' इतकंच असेल, तर तुम्ही त्या यादीत उठून दिसणार कसे? म्हणून बेंचवर जायची वेळ येण्याआधीच, प्रोजेक्ट चालू असतानाच, दर तीन महिन्यांनी कंपनीच्या पोर्टलवरचं प्रोफाइल नीट भरत जा. काय बनवलं, कोणत्या क्षेत्रासाठी, किती मोठ्या प्रमाणावर. आरएमजीच्या कॉलची वाट पाहत बसण्यापेक्षा जुन्या मॅनेजरना, दुसऱ्या अकाउंटमधल्या, म्हणजे दुसऱ्या क्लायंटच्या कामावरच्या, ओळखीच्या सीनिअरना स्वतः मेसेज करा. बेंचवरून बाहेर पडणारे बरेच जण ओळखीच्या शब्दामुळे पडतात. यात लाजण्यासारखं काही नाही. अनोळखी प्रोफाइलपेक्षा ज्याच्याबरोबर काम केलंय तो माणूस घेणं कोणालाही सोपं जातं.

आलेला प्रोजेक्ट नाकारताना मात्र विचार करा. नकाराची नोंद राहते. एखाद्याला सबळ कारण असतं: आई आजारी आहे, चेन्नईला जाता येत नाही. ते कारण फोनवर सांगून थांबू नका, ईमेलवर लिहा, आणि त्याच ईमेलमध्ये पुण्यात काय काय करायला तयार आहात तेही लिहा.

बाळंतपणाच्या रजेवरून परतणाऱ्या मुलींचा प्रश्न इथेच येतो आणि त्याविषयी फार कमी बोललं जातं. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्यानं मिळते. पण सहा महिने क्लायंटची खुर्ची रिकामी राहत नाही, तिथे दुसरं कोणी बसलेलं असतं. रजेवरून आलेली मुलगी थेट बेंचवर येते, त्या वर्षी तिचे बिलेबल दिवस कमी भरतात, आणि मग रेटिंगच्या वेळी तिच्याबद्दल सांगायला मॅनेजरकडे काही नसतं. कोणी दुष्टपणा केलेला नसतो, तरी तिचं वर्ष जातं. माझं स्पष्ट मत आहे की रजेचा काळ वगळून उरलेल्या महिन्यांवरच मूल्यमापन व्हायला हवं, आणि हे मॅनेजरशी रजेवर जाण्याआधी लेखी बोलून घ्यावं. परत यायच्या सहा आठवडे आधी आरएमजीला तारीख कळवली तर खुर्ची शोधायला वेळ मिळतो. ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय देणं कायद्यानं बंधनकारक आहे, तेही एचआरला विचारा.

कोणतं काम पदरात पडतं

ट्रेनिंग एका तंत्रज्ञानाचं आणि काम दुसऱ्याचं, याचं कारण आता कळलं असेल. ट्रेनिंग भविष्यातल्या मागणीचा अंदाज बांधून दिलं जातं. प्रोजेक्ट त्या आठवड्यात कुठली खुर्ची रिकामी आहे त्यावर मिळतो. तुमची आवड या व्यवहारात शेवटी मोजली जाते.

सपोर्टच्या कामाला आपल्याकडे उगाच कमी लेखतात. तिकीट, म्हणजे तक्रार आली, एसएलएच्या, म्हणजे ठरलेल्या मुदतीच्या, आत सोडवली, बंद केली, यात कसलं इंजिनिअरिंग, असं म्हणतात. पण एखाद्या बँकेच्या सेटलमेंट सिस्टिमच्या एल-थ्री सपोर्टला, म्हणजे अवघड तक्रारी सोडवणाऱ्या वरच्या पातळीवर, दोन वर्षं काढलेल्या मुलीला पैसा या खात्यातून त्या खात्यात जाताना मध्ये काय काय होतं, कुठे अडकतं, रात्री बारानंतर एकगठ्ठा चालणारं काम, म्हणजे बॅच, का बंद पडतं, हे जे समजलेलं असतं ते नवं कोड लिहिणाऱ्या अनेकांना समजलेलं नसतं. कोडची भाषा सहा महिन्यांत शिकता येते. विमा, कर्ज, औषधांच्या चाचण्या, गाडीच्या ब्रेकचं नियंत्रण, असल्या एखाद्या क्षेत्राची जाण यायला वर्षं लागतात आणि ती जाण पुढच्या प्रत्येक नोकरीत बरोबर येते.

सावध राहायचं ते एल-वनच्या, म्हणजे पहिल्या पातळीच्या, कामाबाबत. समोर लिहिलेल्या पायऱ्या वाचायच्या, तशा करायच्या, नाही जमलं तर तिकीट वर पाठवायचं. तिथे वर्ष-दीड वर्षाच्या वर राहू नये. ते काम आपोआप होण्याच्या मार्गावर आहे हे एक. दुसरं म्हणजे पाच वर्षांनी मुलाखतीत 'स्वतः काय ठरवलंत?' असं विचारलं तर सांगण्यासारखं काही साठलेलं नसतं.

आणि एक सापळा चांगलं काम करणाऱ्यांसाठीच असतो. तुम्ही त्या प्रोजेक्टमध्ये इतके मुरता की क्लायंट म्हणतो, ही व्यक्ती मला हवीच. मॅनेजरच्या दृष्टीनं तुम्ही खात्रीचं बिल असता, मग तुम्हाला 'रिलीज' कोण करणार? तीच स्क्रीन, तोच मोड्यूल, चार वर्षं. कौतुकाचे ईमेल येत राहतात आणि बाहेरच्या बाजारात तुमची किंमत हळूहळू उतरत जाते. यावर गयावया करून उपयोग होत नाही. मॅनेजरची अडचण खरी असते आणि ती सोडवावी लागते. तुमची जागा घेईल असा कोणीतरी तयार करा, त्याला क्लायंटच्या कॉलवर बोलू द्या, आणि मग तारीख घालून रिलीज मागा: 'अमुक महिन्यापर्यंत हा सगळं सांभाळेल, मला तमुक प्रकारचं काम हवं.' ज्ञान स्वतःपाशी दाबून ठेवलं की नोकरी पक्की राहते, असं मानणारे बरेच भेटतात. ते त्या खुर्चीत पक्के होतात, एवढंच.

रेटिंग कसं ठरतं

अप्रेझल म्हणजे मॅनेजरनं दिलेले मार्क, असं आपण शाळेच्या सवयीनं धरतो. प्रत्यक्षात बहुतेक मोठ्या कंपन्यांत मॅनेजर फक्त शिफारस करतो. मग एका अकाउंटचे किंवा युनिटचे सगळे मॅनेजर एकत्र बसतात. पगारवाढीसाठी एकूण रक्कम आधीच ठरलेली असते, म्हणून वरच्या रेटिंगमध्ये किती जण बसवायचे यालाही मर्यादा असते. जगभर याला बेल कर्व्ह म्हणून नावं ठेवली गेली, मायक्रोसॉफ्टनं २०१३ मध्ये सक्तीची क्रमवारी बंद केली, आपल्याकडेही काही कंपन्यांनी बेल कर्व्ह सोडल्याचं जाहीर केलं. पण बजेट ठरलेलं असतं तोवर वाटणीची मर्यादा कुठल्या ना कुठल्या रूपात राहतेच.

त्या खोलीत तुम्ही नसता. तुमचा मॅनेजर असतो आणि त्याला एका माणसासाठी दोन-तीन मिनिटं मिळतात. त्यात तो काय बोलू शकेल? 'फार मेहनती आहे' हे वाक्य तिथे प्रत्येकाबद्दल म्हटलं जातं. 'हिनं रात्रीच्या बॅचचा वेळ सहा तासांवरून दोन तासांवर आणला, त्यामुळे क्लायंटनं दुसरं मोड्यूल आपल्याला दिलं' हे वाक्य बाकीचे मॅनेजर खोडू शकत नाहीत. अशी वाक्यं तुम्हीच तयार करून द्यायला हवीत, आणि मार्च महिन्यात आठवून नव्हे. महिन्याच्या महिन्याला एका फाइलमध्ये लिहून. आपल्याकडच्या मुलांना हे जड जातं. स्वतःचं कौतुक स्वतः सांगायचं नसतं, काम बोलतं, असं आपल्याला घरात शिकवलेलं असतं. काम बोलतं हे खरं, पण त्या खोलीत ते बोलायला कोणाला तरी माहीत असावं लागतं. क्लायंटकडून आलेला कौतुकाचा ईमेल मॅनेजरच्याही वरच्या माणसाला गेलेला असला तर त्याचं वजन वाढतं, हेही लक्षात ठेवा.

रेटिंग चांगलं आलं तरी पगार फारसा का वाढत नाही? सर्व्हिसेस कंपनीची रचना पिरॅमिडसारखी असते, खाली खूप नवी मुलं, वर थोडी अनुभवी. क्लायंटचा दर दरवर्षी वाढत नाही, कधी कधी करार नव्यानं करताना तो उतरतोसुद्धा. तुमचा पगार वाढला की त्या बिलातला फरक कमी होतो, आणि तो भरून काढायला कंपनी खालून आणखी नवी मुलं घेते. फ्रेशरला साडेतीन लाखांच्या आसपास मिळणारं पॅकेज दशकभर जवळजवळ तिथेच राहिलं त्याचं एक कारण हे. दुसरं कारण असं की नोकरी शोधणारे इंजिनिअर नेहमीच जागांपेक्षा जास्त होते.

जादा तासांचं काय होतं

इथे मी मुद्दाम थांबतो, कारण कामाच्या वेळेवरच्या चर्चा आपल्याकडे फार लवकर नीतिमत्तेवर जातात. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं तेव्हा देशभर दोन तट पडले. पण तुमच्यापुरता प्रश्न फार व्यावहारिक आहे: आठ तासांच्या वर केलेलं काम जातं कुठे?

फिक्स्ड प्राइस प्रोजेक्टमध्ये उत्तर सरळ आहे. सेल्सनं काम मिळवायला १० माणसांचं काम ८ माणसांत करून देतो म्हणून सांगितलं. उरलेल्या दोघांचे तास आता आठ जणांच्या रात्रींतून निघतात. टाइम अँड मटेरियलमध्ये आणखी चमत्कारिक प्रकार होतो. करारात बहुधा दिवसाचे आठ तासच मंजूर असतात, त्यामुळे ११ तास काम करून टाइमशीटमध्ये ८ भरले जातात. वरचे तीन तास कोणीच विकत घेत नाही. क्लायंटला वाटतं, काम आठ तासांत होतं. पुढचा अंदाज त्याच आकड्यावर बांधला जातो, आणि पुढचं वर्षही तसंच जातं. म्हणजे चुपचाप केलेले जादा तास टीमचीच पुढची मुदत आणखी आवळतात.

यासाठी भांडायची गरज नसते. जादा तास लागले की स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये, किंवा ईमेलवर साध्या शब्दांत नोंद करा: 'या कामाचा अंदाज १६ तासांचा होता, २६ लागले, कारण टेस्ट डेटा उशिरा आला.' हे दोन-तीनदा झालं की चांगला मॅनेजर ते क्लायंटपुढे वापरतो. मुदत वाढवून घ्यायला त्यालाही आकडे हवेच असतात. मॅनेजर वापरत नसेल तर तुम्हाला त्या मॅनेजरविषयी काहीतरी कळतं. अमेरिकेच्या क्लायंटमुळे संध्याकाळचे कॉल टळत नाहीत, वेळेचा फरकच तसा आहे. मग सकाळी उशिरा येणं हा हक्क समजून मागा. रात्री साडेदहाचा कॉल संपवून सकाळी नऊला हिंजवडीच्या वाहतुकीत अडकलेलं असणं, हे शरीर फार दिवस सहन करत नाही.

आता एआयची साधनं आल्यावर या गणितालाच धक्का बसू लागला आहे. तास विकणाऱ्या कंपनीत काम लवकर झालं की बिल कमी होतं. क्लायंट मात्र विचारतो, साधनं आली तर तेच काम सात माणसांत का होत नाही? त्यामुळे तासांऐवजी निकालावर पैसे घेण्याचे करार वाढण्याची चिन्हं आहेत. ते वाढले तर पिरॅमिडचा तळ आकसेल आणि नुसतं सांगितलेलं कोड करून देणाऱ्याची जागा आधी जाईल. समोरच्या माणसाला नेमकं काय हवंय हे प्रश्न विचारून काढून घेणारा आणि बनलेलं तपासून चूक पकडणारा माणूस टिकेल, असं मला वाटतं. विद्यार्थ्यांनी इंग्रजी बोलण्याची भीती घालवण्यावर जोर द्यावा असं मी सांगतो ते याचसाठी. उच्चार गावाकडचे असले तरी चालतात, प्रश्न नेमका असावा लागतो.

सोडताना: नोटीस, बॉण्ड आणि सही

९० दिवसांचा नोटीस पिरियडही बिलाच्याच पोटी जन्मतो. माणूस गेला की बिल थांबतं, आणि दुसरा शोधून, शिकवून, क्लायंटकडून मंजूर करून घ्यायला दोन-तीन महिने लागतात. करोनानंतरच्या भरतीच्या लाटेत लोक भराभर नोकऱ्या बदलत होते. एप्रिल ते जून २०२२ या तिमाहीत इन्फोसिसचं नोकरी सोडण्याचं प्रमाण २८.४ टक्के नोंदलं गेलं. अशा काळात लांब नोटीस हे कंपनीसाठी संरक्षण असतं. तुमच्यासाठी मात्र तो अडसर, कारण नवी कंपनी ३० दिवसांत ये म्हणते.

कायदा काय सांगतो? वैयक्तिक सेवेचा करार कोर्ट बळजबरीनं पाळायला लावत नाही, म्हणजे 'याला कामावर आणून बसवा' असा आदेश मिळत नाही. करारात असेल त्याप्रमाणे उरलेल्या दिवसांचा पगार भरून सुटका करून घेता येते, त्याला बायआउट म्हणतात. काही करारांत ते कंपनीच्या मर्जीवर ठेवलेलं असतं. ऑफर लेटरवर सही करण्याआधी हे एकच कलम तरी शब्दन् शब्द वाचा. सोडल्यानंतर प्रतिस्पर्धी कंपनीत जायचं नाही, ही अट भारतीय करार कायद्याच्या कलम २७ मुळे सर्वसाधारणपणे टिकत नाही. क्लायंटची माहिती आणि कोड बाहेर न नेण्याची अट मात्र पूर्ण टिकते. ती मोडणाऱ्याला कोणी वाचवू शकत नाही.

बॉण्ड म्हणजे ठरलेल्या काळाआधी नोकरी सोडल्यास पैसे भरण्याची लेखी हमी. त्याबद्दल गैरसमज दोन्ही बाजूंनी आहेत. 'बॉण्डला काही अर्थ नसतो' हे खरं नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. ते सरकारी बँकेतल्या भरतीचं प्रकरण होतं आणि भरतीचा खर्च, पुन्हा भरती करण्याची अडचण हे मुद्दे त्यात आले. त्याच वेळी, भरपाई वाजवी असावी लागते हेही तत्त्व आहे. दोन आठवड्यांच्या ट्रेनिंगसाठी पाच लाखांचा बॉण्ड कोर्टात सहज टिकेल असं नाही. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणाऱ्या कंपनीत जाऊ नका, एवढं मी ठामपणे सांगेन.

पॅकेजचा हिशेबही सही करण्याआधीच करावा. वर्षाला ६ लाखांचा सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) म्हणजे महिन्याला ५० हजार हातात, असं घरी सांगितलं जातं आणि मग पहिल्या पगाराला सगळे बुचकळ्यात पडतात. समजा मूळ वेतन २५ हजार. त्यावर कंपनीचा १२ टक्के पीएफ ३ हजार, तो सीटीसीतलाच. तुमच्या पगारातून कापला जाणारा पीएफ आणखी ३ हजार. ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के म्हणजे सुमारे १,२००. नेहमीच्या कायम नोकरीत ती साधारण पाच वर्षं झाल्यावर मिळते. दहा टक्के व्हेरिएबल असेल तर महिन्याचे ५ हजार कामगिरीवर आणि कंपनीच्या नफ्यावर लटकलेले. व्यवसाय कर २०० रुपये. हातात साडेसदतीस हजारांच्या आसपास येतात. पीएफचे पैसे तुमचेच आहेत. नोकरी बदलताना ते काढून न घेता त्याच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या तुमच्या कायम क्रमांकावर, पुढे न्या.

एकाच वेळी दोन नोकऱ्या करण्याचा मोह टाळा. २०२२ मध्ये विप्रोनं अशा ३०० जणांना काढल्याचं कंपनीचे अध्यक्ष रिशद प्रेमजींनी जाहीर सांगितलं. दोन्हीकडे पीएफ भरला जात असेल तर तो एकाच यूएएनवर दिसतो. अनुभवाची खोटी वर्षं लावणाऱ्या एजंटांपासूनही दूर राहा. बॅकग्राउंड तपासणीत पीएफचा सेवाइतिहास पाहिला जातो आणि तिथे नसलेली दोन वर्षं तुम्हाला पुढे कायमची नडू शकतात.

शेवटचा मुद्दा सगळ्यात कठीण प्रसंगाचा आहे. एचआर खोलीत बोलावतात, लॅपटॉप समोर असतो, आणि म्हणतात, 'तासाभरात राजीनामा टाका, म्हणजे रेकॉर्ड स्वच्छ राहील.' त्या क्षणी पाय लटपटतात. तरीही सही तिथल्या तिथे करू नका. 'मला विचार करायला दोन दिवस हवेत, प्रस्ताव लेखी पाठवा' एवढंच बोला. कंपनीनं कपात केली आणि तुम्ही कायद्याच्या व्याख्येत 'कामगार' असाल, म्हणजे व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या पदावर नसाल, तर वर्षभर सलग नोकरी झालेल्याला एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई मिळण्याची तरतूद आहे. स्वतःहून राजीनामा दिला की हा दावा जवळजवळ संपतो. म्हणून वाटाघाट सहीच्या आधी करायची: किती महिन्यांचा पगार, आरोग्य विमा किती काळ, रिलीव्हिंग लेटरवर काय लिहिणार. पुण्यात कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, आयटी कर्मचाऱ्यांची नाइट्स ही संघटनाही पुण्यातूनच काम करते. दोन्हीकडे गेल्यानं करिअर संपतं ही भीती निराधार आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. नियुक्तीपत्र देणं आता बंधनकारक आहे, आणि राजीनामा असो वा काढणं, थकलेलं वेतन दोन कामकाजी दिवसांत द्यावं अशी तरतूद त्यांत आहे. तरीही पगारपत्रकं, फॉर्म १६, नियुक्तीपत्र, अप्रेझलची पत्रं आणि कौतुकाच्या ईमेलच्या तारखा व विषय यांची नोंद स्वतःच्या घरच्या कॉम्प्युटरवर असू द्या. क्लायंटचा मजकूर असलेलं काहीही त्यात घालू नका. ऑफिसचा लॅपटॉप बंद होतो तेव्हा बहुधा आधी सांगून होत नाही.